नव्वद वाक्यं आणि जिन्यातली बाई

इंग्रजीतल्या 'अ‍ॅज' या शब्दाबद्दल माझं मत मुळात वाईट नव्हतं. कचेरीत असा एखादा शिपाई असतोच, जो फायली पोहोचवतो, साहेबांच्या खोलीचं कुलूप काढतो आणि वेळ पडली तर टपालावर शिक्केही मारतो, पण हजेरीपटावर त्याचं नाव एकदाच असतं. 'अ‍ॅज' त्यातलाच. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की त्यांना जोडायला हा हजर. एक गोष्ट दुसरीमुळे घडली की तिथेही हाच. दोन गोष्टींची बरोबरी दाखवायची असेल तर हा एकदा पुढे आणि एकदा मागे असा दोनदा उभा राहतो आणि मधल्या शब्दाला दोन हवालदारांसारखा दोन्ही दंडांना धरून नेतो. अशा कामसू शब्दापायी आमच्या इमारतीत भरदुपारी जिन्यावर पहारे बसतील असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला आधी बसवून पाणी दिलं असतं.

झालं ते असं. कोपऱ्यावर इंग्रजीचा क्लास आहे. तिथले सर मला रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "आजोबा, तुम्ही चौतीस वर्षं ग्रंथालयात होतात. मला एक पुस्तिका करायची आहे. उभयान्वयी अव्ययं. 'व्हाइल', 'अ‍ॅज', 'सिन्स', 'दॅन', असली सगळी. नव्वद वाक्यं लिहून द्या. तीस एकाच वेळी घडणाऱ्या क्रियांची, तीस कारणांची, तीस तुलनेची."

मी ग्रंथालयात सूचीकार होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या पुस्तकांची नावं कार्डांवर सुवाच्य अक्षरात लिहीत होतो. स्वतःचं असं एक वाक्य चौतीस वर्षांत लिहिलं नव्हतं. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण समोरचा माणूस घाईत असला की माझ्या तोंडून 'बरं'च बाहेर पडतं. आमचं लग्नही असंच ठरलं होतं.

घरी येऊन हिला सांगितलं. आमच्या घरात मी आणि ही अशी दोनच माणसं. ही म्हणाली, "लिहा की." आणि आत गेली.

कल्पनाशक्तीच्या नावाने माझ्याकडे शून्य. त्यामुळे मी एक पद्धत बसवली. गॅलरीत खुर्ची टाकायची, वही मांडीवर घ्यायची आणि डोळ्यांना जे दिसेल तेवढंच लिहायचं. न पाहिलेलं काही लिहायचं नाही. आधी एक ते नव्वद आकडे घालून ठेवले होते. जिथे काही सुचेना तिथे जागा कोरी सोडायची आणि पुढे जायचं. कार्डं लिहिताना आम्ही असंच करायचो. लेखकाचं नाव सापडलं नाही की तेवढी ओळ मोकळी.

इमारत तशी बोलकी आहे. सहावं वाक्य: दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कपडे वाळत घालत असताना खालचे गृहस्थ छत्री उघडतात. बाविसावं: सेक्रेटरी जिना चढत असताना स्वतःशी बोलतात. तेहेतिसावं कारणाचं: लिफ्ट बंद असल्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे कंपाउंडर वरच्या सगळ्यांना नाडी दाखवायला खाली आपल्याकडे बोलावतात. (हे सगळं इंग्रजीत होतं. मराठीत कोणाबद्दल असं लिहायची माझी छाती नाही.) दोन महिने रोज दुपारी मी हेच केलं. एक दिवस पाहिलं तर वही भरली होती. एकही जागा कोरी नव्हती. मला वाटलं, चला, जमलं आपल्याला.

टंकलेखनाचं काम सेक्रेटरींनी मागून घेतलं. त्यांच्याकडे संगणक आहे आणि निवृत्त झाल्यापासून त्यावर करायला काही नाही. चौथ्या दिवशी प्रत घेऊन मी क्लासवर गेलो. सरांनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. पानं उलटत गेले. मग मागे आले, एका ठिकाणी थांबले आणि खाली बसले.

"आजोबा," ते म्हणाले, "सत्त्याऐंशी वाक्यं ठीक आहेत. शाळेत असतात तशी आहेत. पण ही तीन म्हणजे कमाल आहे. वाचलं की अंगावर काटा येतो. मुलं जन्मात विसरणार नाहीत."

स्वतःचं कौतुक ऐकायची मला सवय नाही, तेव्हा मी बुटांकडे पाहत होतो. सर वाचू लागले. मराठीत सांगायचं तर ती वाक्यं अशी होती.

सतरावं: तो दुपारी वाचत असताना ती दारात उभी असते.

सेहेचाळिसावं: तो कधी मागे वळून पाहत नसल्यामुळे तिला लपावं लागत नाही.

चौऱ्याऐंशीवं: ती घरात असताना घर जितकं शांत असतं, तितकंच ती नसतानाही असतं.

बुटांकडून मान वर करायला मला बराच वेळ लागला. ही वाक्यं मी लिहिली नव्हती. निदान लिहिल्याचं मला आठवत नव्हतं, आणि माझ्या वयात या दोन गोष्टींमधलं अंतर सिद्ध करणं सोपं नसतं.

"सुरेख," सर म्हणाले आणि त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. "शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत यावर सही हवी. पुस्तिका छापखान्यात जायची आहे."

कागदावर लिहिलं होतं: 'सदर पुस्तिकेतील सर्व वाक्ये माझी स्वतःची असून ती मी पूर्ण शुद्धीत लिहिली आहेत.' 'पूर्ण शुद्धीत' हे शब्द अशा कागदावर कशाला लागतात, असं मी विचारलं. ते म्हणाले की त्यांनी घराच्या कागदपत्रांवरून मजकूर उतरवून घेतला होता.

घरी येऊन मूळ वही उघडली. तिन्ही वाक्यं तिथे होती. माझ्याच पेनाने, माझ्याच अक्षरात. माझा 'टी' थोडा डावीकडे झुकतो, तोही झुकला होता. मी वही मिटली आणि पहिल्यांदा मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

मी हे कोणाला सांगणार नव्हतो. पण टंकलेखन केलेला माणूस गप्प बसेल तर तो सेक्रेटरी कसला? दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते कंपाउंडरांना घेऊन आले. दारातच म्हणाले, "ही बाई कोण?"

"कुठली बाई?"

"सतरा नंबरची."

"मला माहीत नाही."

"पण वाक्य तुमचं आहे."

"अक्षर माझं आहे," मी म्हणालो. याहून जास्त कबूल करायला माझी जीभ धजेना.

सेक्रेटरी बसले. "तुम्ही पाहिल्याशिवाय काही लिहीत नाही. बरोबर? छत्रीचं लिहिलंत, खरं निघालं. मी स्वतःशी बोलतो म्हणून लिहिलंत. मला राग आला, पण बायकोला विचारलं, ती म्हणाली खरं आहे. तुम्ही नव्वदातली सत्त्याऐंशी खरी लिहिलीत आणि तीन खोटी, असं होईल?"

"होणार नाही," कंपाउंडर म्हणाले.

"म्हणजे बाई आहे," सेक्रेटरी म्हणाले.

आयुष्यभर खरं बोलण्याचा असा तोटा होईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणालो, कदाचित मला विसर पडत असेल, कदाचित माझं डोकं ठिकाणावर नसेल. हे म्हणायला मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत. कंपाउंडरांनी लगेच माझी नाडी हातात घेतली.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव."

"त्यातून सात?"

अठ्ठावन्नपर्यंत मी बरोबर उतरलो. "डोकं शाबूत आहे," त्यांनी निकाल दिला. "बाईच आहे." तेव्हापासून जिन्यात भेटले की ते 'नमस्कार' म्हणत नाहीत, 'वार?' म्हणतात.

तेवढ्यात चहा आला. दोघांनी तो घेतला आणि बाईच्या वयाबद्दल चर्चा केली.

दुपारपर्यंत फलकावर सूचना लागली: 'इमारतीत एक अनोळखी स्त्री वावरत असल्याचे लेखी स्वरूपात निदर्शनास आले आहे.' लेखी म्हणजे माझी वही. मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, दाराला आरसा लावा. मागे न वळता मागचं दिसतं." खालचे छत्रीवाले गृहस्थ म्हणाले, मजल्यामजल्यावर पीठ पसरून पावलं तपासावीत. पीठ कोणाच्या घरातलं यावर वाद झाला आणि ती योजना बारगळली. शेवटी दुपारी दोन ते पाच दर मजल्यावर खुर्ची टाकून एकेकाने बसायचं ठरलं, कारण वाक्यात 'दुपारी' असा स्पष्ट उल्लेख होता.

आणि बाई दिसू लागली. वहिनींना ती पाठमोरी दिसली, वळणावर, वर जाताना. कंपाउंडरांनी तिचा श्वास ऐकला. छत्रीवाल्यांना कोणीतरी 'जरा सरका' म्हणालं, ते सरकले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणासाठी सरकलो ते आपल्याला आठवत नाही. हे सांगताना त्यांचे ओठ खरोखर पांढरे पडले होते. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "रोज एकच बाई पिशवी घेऊन खाली जाते आणि वर येते, दुसरी कोणी नाही." "ती नव्हे रे," सेक्रेटरी म्हणाले. ती म्हणजे कोणती, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी आता गॅलरीत बसेनासा झालो. भिंतीला पाठ लावून बसायचो. वाचायला घेतलं की सतराव्या वाक्याप्रमाणे आपण वाचतो आहोत हे आठवायचं आणि मानेवर कोणाची तरी नजर असल्यासारखं वाटायचं. मुद्दाम नजर वर करायचो नाही. वर केली आणि कोणी दिसलं तर काय, आणि नाही दिसलं तर माझं डोकं गेलं हे नक्की. दोन्हीकडून कोंडी होती. शुक्रवार जवळ येत होता. सही केली तर मी खोटा, नाही केली तर मी वेडा.

गुरुवारी सेक्रेटरी एक तक्ता घेऊन आले. बरोबर कंपाउंडर, वहिनी आणि छत्रीवाले. प्रत्येक घरात दिवसा किती माणसं असतात त्याची नोंद करायची, बेरीज करायची, आणि जिन्यात दिसणाऱ्या माणसांशी ताळा जमवायचा. जे माणूस उरेल ती बाई. योजना इतकी सोपी होती की मलाही आवडली.

"तुमचं घर शेवटचं," सेक्रेटरी म्हणाले आणि तक्ता माझ्यापुढे सरकवला. 'दिवसा घरी असणाऱ्या व्यक्ती' असा रकाना होता. माझं लक्ष दाराकडे होतं. मी पेन घेतलं आणि लिहिलं: एक.

सेक्रेटरींनी वाचलं, मान डोलावली आणि पुढच्या ओळीवर बोट नेलं. कंपाउंडरांनी वाचलं. वहिनींनी चष्मा लावून वाचलं. बेरीज झाली. जिन्यात दिसणारी माणसं एकोणीस, घरांतली अठरा.

"एक जास्त आहे," सेक्रेटरी अगदी हळू आवाजात म्हणाले. छत्रीवाल्यांनी पाय वर खुर्चीवर घेतले.

"चहा निवतोय," ही म्हणाली.

ती ट्रे घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी होती. किती वेळ, कोण जाणे. प्रत्येकाने हात पुढे करून कप उचलला, तिच्याकडे न पाहता. मी मात्र पाहिलं, कारण ती तक्ता वाचत होती. तिचा चेहरा एखादं पोस्टकार्ड वाचावं तसा होता.

मंडळी पाय न वाजवता निघून गेली. तिने कप गोळा केले, आत ठेवले, हात पुसले आणि समोरच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर ती बसलेली मी शेवटची कधी पाहिली होती ते मला आठवेना.

"वही द्या," ती म्हणाली.

मी दिली. तिने सतरावं वाक्य काढलं. "हे मी लिहिलं." पानं उलटली. "हेही मी."

"तू? इंग्रजीत?"

"शाळेत इंग्रजीत मला तुमच्यापेक्षा आठ मार्क जास्त होते. लग्न ठरताना तुमच्या वडिलांनीच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बुटांकडे बघत होतात."

"पण अक्षर माझं आहे."

"अहो, तुमचा हात मोडला होता तेव्हा सहा महिने तुमची कार्डं कोणी लिहिली? साहेबांना कळू नये म्हणून तुमचं अक्षर कोणी उचललं? नऊशेच्या वर कार्डं होती. अजूनही त्या कपाटात असतील. तुमचा वाकडा 'टी' आता माझ्या स्वतःच्या सहीतसुद्धा येतो."

हे मला आठवत होतं. म्हणजे हात मोडल्याचं आठवत होतं, प्लास्टरवर बसलेली माशी आठवत होती. कार्डांचं गेलं होतं.

"सांगायचं होतं तर बोलायचंस ना."

"बोलले. तीनदा. तुम्ही 'बरं' म्हणालात." ती जराही चिडलेली नव्हती, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. "रोज दुपारी चहा घेऊन दारात यायची. तुम्ही छत्रीवाल्याकडे बघत असायचात. अख्ख्या इमारतीत तुम्ही एवढे बारकावे टिपलेत, म्हटलं बघूया, मी कुठल्या नंबरला आहे. कुठेच नव्हते. वहीत दोन जागा कोऱ्या दिसल्या. भरल्या."

"दोन नव्हे, तीन."

"दोन."

"चौऱ्याऐंशीवं?"

तिने ते पान काढलं. दोनदा वाचलं. मग वही माझ्याकडे वळवून दिली, दोन्ही हातांनी, एखादी जड वस्तू द्यावी तशी.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "मी असं कशाला लिहीन?"

आम्ही दोघं त्या ओळीकडे बघत बसलो. अक्षर सारखं, शाई सारखी, 'टी' डावीकडे झुकलेला. घरात आम्ही दोघंच. पंखा फिरत होता. घर खरोखरच फार शांत होतं.

शुक्रवारी दुपारी जेवून मी ठरवलं की हे वाक्य तपासून पाहायचं. माझा नियम साधा होता: जे खरं आहे तेच लिहायचं. वाक्य खरं नसेल तर ते माझं नाही, मग मी ते खोडून मोकळ्या मनाने सही करीन. मी खुर्ची फिरवून घेतली, तोंड घराकडे केलं आणि सहीचा कागद मांडीवर ठेवून बसलो. मधे जरा एक पुस्तक चाळलं. जिन्यावरून पहारेकऱ्यांच्या खोकण्याचे आवाज येत होते.

मान वर केली तर ती नव्हती.

"अगं," मी हाक मारली. एरवी आतून 'काय' येतं, ते आलं नाही. स्वयंपाकघरात गेलो. ओटा पुसलेला, नळाखाली एक वाटी पालथी. खोलीत तिची चादर घडी करून ठेवलेली. न्हाणीघराचं दार उघडं. आणि मग घर आवाज करू लागलं. नळ ठिबकत होता. फ्रिज गुरगुरला. घड्याळाचा काटा इतका मोठ्याने वाजतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागून येत होता, आणि मी थांबलो की तो एक पाऊल उशिरा थांबायचा. मी भिंतीला धरून गॅलरीपर्यंत आलो. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

भीती वाटत होती, पण खरं सांगतो, आनंदही झाला होता. वाक्य खोटं होतं. ती नसताना घर मुळीच शांत नसतं. मी चौऱ्याऐंशीव्या ओळीवर रेघ मारली आणि खाली तुलनेचं नवं वाक्य लिहिलं, 'दॅन' वापरून: ती असताना घर जेवढा आवाज करतं त्यापेक्षा ती नसताना कितीतरी जास्त करतं. वाक्य माझं होतं, पाहिलेलं, ऐकलेलं.

साडेचारला दारात किल्ली फिरली. ही आत आली. हातात पिशवी नव्हती.

"कुठे गेली होतीस?"

"जिन्यात," ती म्हणाली. "तळापासून गच्चीपर्यंत. तीन फेऱ्या मारल्या. मधे तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले होते. कंपाउंडर तिथेच खुर्चीत होते, माझ्यापासून हातभर अंतरावर. सेक्रेटरींनी वाट सोडली. कोणी विचारलं नाही." तिने चपला जागेवर ठेवल्या. "मला बघायचं होतं."

"मी पाहिलं," मी म्हणालो, आणि वही तिच्यापुढे धरली. "तू नाहीस हे मला कळलं. हे बघ. खोडलं ते. घर किती आवाज करत होतं म्हणून सांगू."

तिने नवं वाक्य वाचलं. तिला ते आवडलं असावं, कारण तिने त्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"किती वाजता कळलं तुम्हाला?"

"चार वाजून दहा मिनिटांनी. घड्याळ पाहिलं होतं मी."

ती थोडा वेळ घड्याळाकडे बघत राहिली. मग माझ्या खुर्चीकडे, मग खुर्चीवर उघड्या पडलेल्या पुस्तकाकडे.

"मी तीनला गेले होते," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी उभाच राहिलो. तीन ते चार दहा. नळ तेव्हाही ठिबकत असणार. काटा तेव्हाही वाजत असणार. सत्तर मिनिटं मी घराकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून बसलो होतो, आणि मला घर शांत वाटलं होतं. नेहमीइतकंच.

पाचला पंचवीस कमी होते. मी वही टेबलावर घेतली, नवं वाक्य होतं तसं ठेवलं आणि त्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेत चौऱ्याऐंशीवं वाक्य स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढलं. लिहिताना एकदाही अडलो नाही. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, हे हाताला आधीपासून पाठ होतं. मग सरांचा कागद ओढला आणि 'सर्व वाक्ये माझी स्वतःची' यातलं 'सर्व' खोडून तिथे लिहिलं: दोन वगळून सगळी. 'पूर्ण शुद्धीत' होतं, ते मात्र तसंच राहू दिलं आणि खाली सही केली.